डेटा कुठे उतरला

शुक्रवार, ४ जुलै
कडावच्या डेअरीत तीनशे लिटर दूध नासलं. टाकी थंड ठेवणारा कंट्रोलर आमच्या साजगावच्या कारखान्यातला. दूध चार अंशांच्या वर गेलं की कॉम्प्रेसर सुरू व्हायला हवा — झालाच नाही. रोहिदासकाका सकाळीच जाऊन कंट्रोलर काढून घेऊन आले, चालू करून पाहिला. बोर्ड माझ्या टेबलावर, त्याचा रिकामा डबा स्टोअरला. देवेश सर म्हणाले, "हर्षला, उद्यापर्यंत कारण हवं."

हेडफोन लावून बसले. काका दोनदा टेबलाशी आले. मी हातानेच सांगितलं — नंतर. दिवसभर जो तो येऊन विचारत होता, वैताग आला होता.

शनिवार, ५ जुलै
सापडलं! कॉम्प्रेसर कधी सुरू करायचा ती मर्यादा डीबगरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या आत डोकावायच्या साधनात, पाहिली. चार हवी, दिसतेय अडुसष्ट हजार. प्रोग्रॅमचा तो भाग काकांनी लिहिलेला. वीस वर्षं पॅनेलच्या वायरी जोडल्या, पंचेचाळिशीत प्रोग्रॅमिंग शिकले, दोन वर्षांपूर्वी आमच्यात येऊन बसले. वाईट वाटलं. पण आकडा समोर होता. अहवाल पाठवला.

मंगळवार, ८ जुलै
सरांनी काकांना परत पॅनेलच्या कामावर पाठवलं. खुर्ची स्वतःच उचलून ठेवली त्यांनी. "मी चारच टाकलेला, मॅडम. पन मशीन सांगतंय तर असंल."



बुधवार, ९ जुलै
त्यांच्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय.

रविवार, १३ जुलै
पळसदरीला घरची भातलावणी. मी रोपांच्या मुठी पोचवत होते. वरच्या खाचरात दहा-बारा टाकल्या तोच आई ओरडली, "अगं, गरवं हितं कुठं आणलंस? हितं हळवं. गरवं खाली, पाण्यात. राब एक म्हणून खाचरबी एकच व्हय गं?"

गरवं उशिरा पिकणारं, हळवं लवकर पिकणारं; दोन्हींची रोपं एकाच राबात वाढवलेली, पण लावायची वेगवेगळ्या खाचरांत. मुठी परत उचलल्या आणि बांधावरच बसले.

प्रोग्रॅमची ऑब्जेक्ट फाइल बनते तेव्हा तिचं प्रत्येक सेक्शन, म्हणजे विभाग, शून्यापासून सुरू होतं. बोर्ड मग त्यांना जागा मिळेल तिथे ठेवतो — कोड एकीकडे, डेटा म्हणजे मर्यादेसारखे आकडे दुसरीकडे. कोणतं किती सरकलं, तो ऑफसेट डीबगरला आपण सांगायचा. जुन्या बोर्डावर सगळं एकत्र सरकायचं, एक आकडा दिला की झालं. नवा बोर्ड तसा नाही. सुरू होताना तो काय कुठे ठेवलं ते दोन्ही ॲड्रेस दाखवतो. मी पहिली ओळ वाचली, कोडची. सवयीने तोच ऑफसेट डेटालाही लावला.

म्हणजे डीबगरने मला काकांची मर्यादा दाखवलीच नव्हती. भलत्याच जागेवरचा कचरा दाखवला होता.

आई विचारत होती, "काय झालं गं बाय?"

सोमवार, १४ जुलै
सातलाच कारखान्यात. डेटाचा ऑफसेट वेगळा दिला. मर्यादा — चार. काकांनी टाकली होती तशीच.

मग खरं कारण शोधलं. कडावला फोन करून पाहायला लावलं; टाकीचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची तार सैल झाली होती. तार निघाली की गजर द्यायचा सोडून शेवटचंच तापमान दाखवत राहणारं फंक्शन कुणाचं? माझं.

देवेश सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नवा अहवाल दे. काकांशी मात्र तूच बोल."

मंगळवार, १५ जुलै
काकांची माफी मागितली. ते स्टोअरमधून कडावचा डबा घेऊन आले आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरलं. वायरमन लोक झाकणाच्या आत जोडणी लिहून ठेवतात, तसं पेनाने लिहिलेलं — कोडचा ॲड्रेस, त्याखाली डेटाचा. तारीख ४ जुलै.

"हेच द्यायला आलेलो," काका म्हणाले. "दोनदा."