मी स्वतः चाखून पाहिला

३ फेब्रुवारी, सोमवार

कामरगावात आले एकदाची. अकोल्याहून बसने येताना खिडकीबाहेर सगळीकडे हरभरा दिसत होता आणि मी उगाच हसत होते. कारखाना गावाबाहेर, शेतांच्या मधोमध आहे. अंगणवाडीच्या लेकरांसाठी गहू, सोयाबीन भाजून, दळून, गूळ घालून त्याचं पीठ इथे पाकिटात भरतात. मी गुणवत्ता अधिकारी. माझ्या होकाराशिवाय माल हलत नाही. मालक जगदेवराव पन्नाशीचे, मऊ बोलणारे. त्यांनी माझी खुर्ची स्वतःच्या रुमालाने पुसून दिली. भट्टीवर बेबीताई असते. तिने माझ्या हातावर गरम पीठ ठेवलं. असं खमंग की दोनदा मागून घेतलं.

ही रोजनिशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिते आहे. नेहमीप्रमाणे एक छोटा प्रोग्रामही लावला आहे: माझ्या पत्त्यावरून मेल गेला की तो कोणाला गेला आणि काय लिहिलं होतं, ते आपोआप इथे खाली उमटतं. मागच्या नोकरीत "तुम्ही कळवलंच नाही" हे इतक्यांदा ऐकलं, की शेवटी हा उपाय केला.

[पाठवला: ज्योत्स्नाताई, प्रकल्प कार्यालय. आज रुजू झाले. यापुढे मालाबद्दल मीच कळवीन. – मंजुषा]

६ फेब्रुवारी

आज मागचं गोदाम पाहिलं. पाण्याच्या टाकीलगतच्या भिंतीला ओल आली आहे आणि तिला टेकून सोयाबीन पिठाची पोती रचली आहेत. एक उघडलं तर पिठाचे गोळे झालेले, त्यांना जाळी धरलेली. गोळा फोडला तर आत पांढऱ्या अळ्या, एकमेकींवरून सरकणाऱ्या. उंदराच्या लेंड्या दळणात इतक्या बारीक झालेल्या, की आधी मला गुळाचे कण वाटले. वास नाकात नाही, थेट घशात जातो. साबणाने हात तीनदा धुतले तरी बोटं चिकटच वाटतात.

सगळा माल नाकारला. जगदेवरावांनी मान हलवली, बघू म्हणाले. माझ्या आधीचा अधिकारी नरेंद्र अचानक पुण्याला निघून गेला, तेव्हापासून गोदामाकडे कोणाचं लक्षच नव्हतं म्हणे.

[पाठवला: ज्योत्स्नाताई, प्रकल्प कार्यालय. मागच्या गोदामातला माल उत्तम आहे. मी स्वतः चाखून पाहिला. – मंजुषा]

७ फेब्रुवारी

कालची शेवटची नोंद सकाळी पाहिली. असा मेल मी लिहिलेला नाही. मेलबॉक्समध्ये तो नाही, फक्त इथे आहे. ज्योत्स्नाताईंना फोन केला. त्या अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका. त्यांना तो मिळाला होता. मी म्हटलं, तो माझा नाही, माल सडलेला आहे. त्या म्हणाल्या, मग तसं तुमच्या अधिकृत मेलवरून लेखी द्या, तोंडी बोलण्यावर मला माल अडवता येत नाही.

पासवर्ड बदलला. जगदेवरावांचंच काम, दुसरं कोण? मग "माल नाकारला आहे" एवढंच लिहिलं, दोनदा वाचलं आणि पाठवलं.

[पाठवला: ज्योत्स्नाताई, प्रकल्प कार्यालय. माल उत्तम आहे. मी स्वतः चाखून पाहिला. किंचित आंबट, पण मऊ. – मंजुषा]

दुपारी डबा खाताना भाकरी आंबट लागली. मऊ काहीतरी दाढेखाली फुटलं. हातावर थुंकले. अळी होती, अर्धी. उरलेला अर्धा भाग हलत होता. डबा स्वच्छ होता. भाकरी मीच सकाळी थापली होती.

८ फेब्रुवारी

प्रोग्राम काढून टाकला. नोंदी तरी येतातच. इंटरनेटची वायर उपसली, तरी येतात. आणि जे उमटतं ते थोड्या वेळाने तोंडात येतं. "जाळी धरलेली" असं आलं आणि चहा पिताना जिभेवरून लांबच लांब तार ओढून काढावी लागली. ओकले. चूळ भरली, पुन्हा ओकले.

बेबीताईने पाठीवरून हात फिरवला. मग हळूच सांगितलं, की नरेंद्र पुण्याला गेलाच नाही. रिठदला घरीच आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

रिठदला गेले. दार नरेंद्रच्या आईने, भागिरथाबाईंनी उघडलं. त्यांनी मला मागच्या पडवीत नेलं. तो तिथे भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिशीचा असेल, पण गाल आत गेलेले. तोंड सारखं चावत होतं. हात रिकामे, समोर ताट नाही, तरी ओठांच्या कडेने करडं पीठ ओघळत होतं आणि आई ते पदराने पुसत होती. त्यातलं काहीतरी तिच्या मनगटावर चढलं. तिने सवयीने झटकलं. मी तोंडावर ओढणी दाबून उभी राहिले.

त्या म्हणाल्या, पोरगं लय चोखंदळ होतं, भाजीले दोनदा वास घेतल्याबिगर खाये नाही. मागच्या वर्षी जगदेवरावांनी फार गळ घातली म्हणून त्याने सडक्या मालाबद्दल एक मेल पाठवला, मी स्वतः चाखून पाहिला असा. चाखला नव्हता. ते पीठ खाऊन एका खेड्यातलं लेकरू गेलं. त्यानंतर त्याच्या नावाने मेल आपोआप जायला लागले. आणि आता त्याच्या खुर्चीवर मी.

मी त्याला विचारलं, हे थांबतं कसं. त्याने आवंढा गिळला. बोलायला तेवढीच जागा झाली असावी.

"आधी मेल जाते ताई, मंग तोंडात येते. लेकराइले नका खाऊ देऊ."

आणि पुन्हा चावायला लागला.

१० फेब्रुवारी

जगदेवरावांना सगळं सांगितलं. नरेंद्रचंही. ते रागावले नाहीत, तेच जास्त किळसवाणं. म्हणाले,

"म्या कोणाचा हात धरून मेल लिवला नाही, मॅडम. नाव तुमचं हाये. उद्या ट्रक भरून राह्यला."

बोलताना वेलची चघळत होते.

निघून जाता येईल. पण माझ्या नावावर तो माल साठ गावांत जाईल. फोटो पाठवले. ज्योत्स्नाताईंना मिळाला तो बिनफोटोंचा मेल, त्यात फक्त तेच वाक्य. फोनवर त्यांना सगळं सांगितलं. उद्या स्वतः येते म्हणाल्या. पण ट्रकच्या आधी पोचतील?

[पाठवला: ज्योत्स्नाताई, प्रकल्प कार्यालय. लेंड्यांमुळे कुरकुरीत. मी स्वतः चाखून पाहिला. – मंजुषा]

फाइल बंद करत नाही. निदान काय येणार ते आधी कळतं —

आलं.

११ फेब्रुवारी

ट्रक दुपारी भरणार. हमाल जेवायला गेले — बेबीताईने विळ्याने पोती फाडली, एक एक. मी फिनेलचे कॅन ओतले. सगळे. पीठ पांढरं, फेसाळ, अळ्या वर येऊन तडफडत होत्या. डोळे चुरचुरतात. आता हे कोणी लेकराला देणार नाही. कोणालाच देता येणार नाही —

जगदेवराव नाक दाबून दारात उभे. ट्रक रिकामा परत गेला. ज्योत्स्नाताई कारंजापर्यंत आल्यात. रडू आलं. बेबीताईसुद्धा हसली —

[पाठवला: ज्योत्स्नाताई, प्रकल्प कार्यालय. फिनेल घातलेला माल उत्तम आहे. मी स्वतः चाखून पाहिला. – मंजुषा]

नाही

तोंड मिटलंय. दात घट्ट — बेबीताईला हाक मारायची तर उघडावं लागेल — ओढणी कोंबली — ओढणी ओली होतेय, आतून — पांढरं — जीभ जळते — थुंकते तेवढं पुन्हा भरतं — दोन्ही हात तर इथे, टाइप करतायत, मग घशात हे कोण ढकल