तांदळात लिहिलेलं नाव

तीर्थरूप गौराआत्या हिला,

हर्षलाचा (होय, अजूनही हर्षलाचाच!) वाकून नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना शेलूच्या नव्या बिल्डिंगची लिफ्ट मानवली का? आणि मुळात ती चालू असते का? फोनच केला असता, पण तू स्पीकर लावतेस आणि मग आपल्या घरातली गोष्ट तुमच्या सोसायटीच्या सभेत निघते. म्हणून हा कागद.

लग्नात तू पंगत उठताच निघालीस, त्यामुळे खरा सोहळा तुझा हुकला. तो सांगण्याआधी माझं जुनं दुखणं आठव. मला नावांची चव लागते. कोणी नाव उच्चारलं की चव जिभेवर हजर. (लहानपणी बाबांनी मला कर्जतच्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांनी जीभ बाहेर काढायला लावली, मिठाच्या गुळण्या सांगितल्या आणि ब्रश बदलायला लावला. याला सिनेस्थेशिया म्हणतात हे पुढे मीच मोबाइलवर शोधलं. हा शब्द पाटीवरच्या पेन्सिलीसारखा लागतो.) बारशाला तू माझ्या कानात 'हर्षला' सांगितलंस, ते करंजीतल्या सारणासारखं लागतं, त्याबद्दल तुझे पाय धरावे तेवढे थोडे. मालोजीचं स्थळ नाकारलं तेव्हा बाबा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मुलगा चांगला होता, नोकरी चांगली होती, पण 'मालोजी' म्हटलं की तोंडात भिजलेलं पोतं. संसार काय पोतं चघळत करायचा? योगेंद्र मात्र तव्यावरून उतरलेली तांदळाची भाकरी, वर लोण्याचा गोळा. कळंबला आमच्या ओटीवर त्याने नाव सांगितलं आणि मी चहाचा कप खाली ठेवायच्या आधी होकार देऊन मोकळी झाले.

आता संकट ऐक. साखरपुड्यात सासूबाईंनी, म्हणजे चंद्राबाईंनी, जाहीर केलं की सुनेचं नाव बदलून संजना ठेवायचं. त्यांच्याकडे सून आली की नाव बदलतंच. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, मग पेढे. आणि आत्या, 'संजना' म्हणजे निव्वळ घासलेट! चहाला हाक मारली की घासलेट, जेवायला बोलावलं की घासलेट, नवरा लाडात आला तरी घासलेटच. योगेंद्रला सांगितलं तर म्हणाला, "आईपुढं माझं काय चालतंय गं?" (त्या दिवशी भाकरी जरा करपलीच.)

शेवटी वरात खालापूरला पोचली, मी माप ओलांडलं आणि पूजेची मांडामांड चालू असताना सासूबाईंना स्वयंपाकघरात एकटं गाठून सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसतील, नाहीतर देवऋषी बोलावतील. त्यांनी उठून दाराला कडी घातली. "तुला नावाची चव लागती, मला रंग दिसतो," त्या म्हणाल्या. "हर्षला बोललं का गटाराच्या पाण्यावानी काळंजांभळं दिसतं. म्हणून बदलीत व्हते गं, दुसरं काय नाय." आणि मग हळूच सांगितलं की माहेरी त्या रूपा होत्या. रूपा म्हणजे पिवळंधमक, कापणीला आलेल्या भातासारखं. लग्नात तांदळात 'चंद्रा' लिहिलं गेलं आणि चंद्रा म्हणजे चुलीतली राख. "तवापासून राखंतच हाय. कुनाला सांगनार?" मला रडू फुटलं, त्यांनाही. बाहेरून सासरे बुधाजी ओरडत होते, "अगो, आटपा! भटजी खोळंबलाय!"

ताट आलं. माणसं दाटीवाटीने बसलेली, पेढ्यांचे बॉक्स उघडलेले. योगेंद्रने अंगठी उचलली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तेवढ्यात सासूबाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली, त्याला पाटावरून उठवलं, स्वतः बसल्या आणि तांदळात ठसठशीत लिहिलं: रूपा.

"सुनंचं नाव रूपा!" त्यांची एक जाऊ ओरडली.

"सुनंचं नाय, माजं," सासूबाई म्हणाल्या. "या घरात नाव बदलायची रीत हाय ना? बदललं. सून हर्षलाच ऱ्हाईल. वाटा पेढं!"

भटजी उगाचच पंचांग चाळू लागले. बुधाजींनी हातातला पेढा सासूबाईंना भरवला आणि सगळ्यांदेखत हाक मारली, "रूपा!" (आजवर 'अगो'च्या पुढे त्यांची मजल गेली नव्हती.) बायकांनी असा गलका केला की निघालेले बँडवाले परत फिरले. सासूबाई लाजून लाल झाल्या. की पिवळ्या, ते त्यांनाच ठाऊक. आत्या, मी जिंकले गं! आणि माझ्याहूनही जास्त त्या जिंकल्या.

तू ठेवलेल्या नावाचीच,
हर्षला

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की 'रूपा' मला कच्च्या सुरणासारखं लागतं. घसा नुसता खाजतो. पण त्या पाटावरून उठल्या तेव्हाचा त्यांचा चेहरा पाहून हे बोलणार कोण? शिवाय सासऱ्यांना हाकेची अशी गोडी लागली आहे की दिवसभर अंगणातून "रूपा, रूपा" चालू असतं. सुरणाच्या खाजेला आमसुलाचाच उतारा, तर तुझ्याकडची आमसुलं पाठव. डबा मोठा घे.

ता. क. पुन्हा. सासूबाईंना यातलं काही कळू देऊ नकोस. त्यांचंही माझ्यासारखंच चाललंय. मला हाक मारताना त्या डोळे घट्ट मिटून घेतात. त्यांचे डोळे मिटलेले आणि माझ्या तोंडात, आमसुलं येईपर्यंत घशाला आराम म्हणून, सुपारी फिरवावी तशी लवंग. आळीतल्या बायका म्हणतात, सासूसुनेचं इतकं पटलेलं आम्ही कुठे पाहिलं नाही.