तोतरेपणा सासुरवाडीचा

५ जुलै, शनिवार
प्रेरणाला घेऊन चिकलठाण्याला, स्पीच थेरपिस्ट सरिता मॅडमकडं. पोरगी नववीत. बोलताना अडकते. वर्गात हसतात म्हणून हात वर करत नाही.
मॅडम म्हणाल्या, हे बऱ्याचदा घराण्यातून, जीन्समधून येतं, यात कुणाची चूक नसते. या वयात मेंदूची वायरिंग चालूच असते, सरावाचा उपयोग होतो. मग विचारलं, घरात आणखी कुणी अडकतं का? मी ताबडतोब बायकोकडं बोट दाखवलं. रत्नमाला म्हणाली, "व्हय का?"
परतताना रिक्षावाल्याला "वाळूज" सांगितलं. राहतो बजाजनगरात, पण वाळूज म्हणायला भारदस्त वाटतं. उरलेलं अंतर चालत. तब्येतीला चांगलं.

१३ जुलै, रविवार
फर्दापूर, सासुरवाडी. शास्त्रीय संशोधन.
मेहुणा राजकुमार लेण्यांवर गाईड. त्याला "कच्चा पापड, पक्का पापड" म्हणायला लावलं. न थांबता म्हणाला, वर लेण्यांची माहिती जपानीत ऐकवली. सासूबाईंना म्हणायला लावलं, तर त्यांनी एका दमात माझाच उद्धार केला. कुठंच अडकल्या नाहीत.
निष्कर्ष: हे लोक दोष लपवायलाच इतकं भरभर बोलतात. केस पक्की.
राजकुमार म्हणाला, दाजी, आता तुम्ही म्हणा. तेवढ्यात मला फोन आला. म्हणजे आला नव्हता, पण येऊ शकला असता.

१९ जुलै, दुपार
मॅडमचा होमवर्क: पोरगी अडकली की तिचा शब्द आपण पूर्ण करायचा नाही. थांबायचं. लई सोपं.

१९ जुलै, संध्याकाळ
प्रेरणा म्हणाली, "पप्पा, तुमच्या खांद्यावर प-प-". मी विचारलं, पदर? पावडर? पराठा? पिशवी? तोवर पाल शर्टात गेली होती.
उद्यापासून थांबणार.

२७ जुलै, रविवार
गावाहून आई आली. तिला समजावलं, हा दोष रत्नमालाच्या माहेरचा. आई म्हणाली, "काय सांगायलास! तुझा बाप लग्नात नाव घ्यायला उभा राह्यला, पंगत उठली तरी नाव काय निघंना. अन् तू? हजेरीला 'हजर' म्हणंस्तोवर मास्तर पुढच्या पोरावर जायचे."
आईचं वय झालंय. स्मरणशक्तीची टेस्ट करून घ्यावी.
प्रेरणा ऐकत होती. नंतर उगाच माझ्याजवळ येऊन बसली.

२ ऑगस्ट, शनिवार
मॅडम घरातल्यांची नावं लिहून घेत होत्या. प्रेरणानं तिचं सांगितलं. अडकली, पण मान खाली घातली नाही. मग मॅडमनी माझ्याकडं बघितलं.
ब.
खोकलो. पाणी प्यायलो. परत ब. खिडकीबाहेर कुणी ओळखीचं दिसतंय का बघितलं. रत्नमाला सांगायला निघाली, तर प्रेरणानं तिचा हात दाबला. तिघीही थांबल्या. कुणी हसंना, कुणी घाई करंना. मला पळून जायलाही कारण सापडंना.
शेवटी निघालं. ब-ब-बन्सी.
प्रेरणा म्हणाली, "प-पप्पा, मस्त!"
पुढच्या शनिवारची वेळ मॅडमनी माझ्या नावावर लिहिली. जाणार आहे. पोरीला एकटीला कंटाळा येतो, म्हणून.