सराईवाल्याची वरची खोली

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, धंदा कुलूपदुरुस्ती, शिक्षण नववी (नापास नाही, सोडली), पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दडपणाविना हे लिहून ठेवतो. परवा माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, अर्ध्या तासाचं काम. मीही गिऱ्हाइकाला हेच सांगतो, म्हणूनच काळजी वाटते.

१. बँकेतली शिल्लक आणि हत्यारं आईला. दाजींना कानस देऊ नये. मागे त्यांनी कानशीने रंगाचा डबा उघडला होता.

२. मावशीला काही नाही. राग म्हणून नव्हे; ज्याला लाभ मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, आणि मला तिची सही हवी आहे. मी दहा वर्षांचा असताना येशूच्या जन्माच्या नाटकात तिने मला सराईवाला केलं, योसेफ आणि त्याच्या गरोदर बायकोला दारातून परत पाठवणारा. "जागा नाही!" एवढं एकच वाक्य. तेव्हापासून घरीदारी मी सराईवालाच. पण आमचे निवृत्त पाळक दाखवून देतात की शुभवर्तमानात सराईवाला कुठेच नाही. त्या काळच्या साध्या यहुदी घरात एकच मोठी खोली असे. दाराजवळ, सखल भागात रात्री जनावरं, वरच्या भागात माणसं, काठाला गव्हाण. पाहुण्यांची खोली निराळी. योसेफ पूर्वजांच्या गावी आलेला. तिथे नात्यातल्या गरोदर बाईला दारातून परत पाठवणं म्हणजे घराण्याचं नाक कापणं. पाहुण्यांची खोली भरलेली, म्हणून घरच्यांनी सरकून आपल्यातच जागा केली आणि बाळाला गव्हाणीत निजवलं. सगळे विद्वान हे मानत नाहीत, असंही पाळक सांगतात. मी मानतो. मावशीने लेखी मान्य करावं.

३. वरची खोली माझ्या नावावर आहे. ती माझ्या पश्चात ताईला. तिला आठवा महिना आहे आणि घरमालकाने घर सोडायला सांगितलंय. गेल्या आठवड्यात तिने या खोलीचं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "वर चारशे कुलपं आहेत गं, जागा नाही."

इथवर आईला वाचून दाखवलं.

"म्हणजे बाळाला छप्पर मिळायचं तर आधी मामाने मरायचं का रे?"

"आई, ही कायद्याची भाषा आहे."

"असेल. नाटकातलं वाक्य मात्र अजून पाठ आहे तुला."

कलम ३ रद्द. खोली ताईला आजच, माझ्या हयातीत. किल्ली दिली. कुलपं आईच्या पलंगाखाली हलवली. ऑपरेशननंतर मी खाली दाराजवळ झोपेन. "म्हणजे जनावरांच्या जागी," ताई म्हणाली, आणि पोट धरून हसली.

४. पाळकांकडे शिकताना भरलेली माझी वही बाळाला. त्याला कुणी नाटकात घेतलं, तर आधी ही वाचून दाखवावी.

साक्षीदार:
निवृत्त पाळक (सही)
मावशी (सही. "सराईवाला नव्हता, मान्य. पण काम तू झकास केलं होतंस हो.")

स्थळ: खालची खोली, दाराजवळ
मंगळवार, दुपार

लिहून ठेवणार:
माजी सराईवाला (सही)