मधला चेंडू रहीमचा

कर्वेनगरातील माझ्या सहा गुंठ्यांवरचे मातीचे टेनिस कोर्ट, ते दाबायचा सिमेंट ओतलेला रूळ, पंचाची बाभळीची खुर्ची आणि सायकलच्या चेनवर चालणारे रॅकेटच्या तारा ओढायचे यंत्र, एवढे मी स्वतःच्या हातांनी केले. पहिल्या खेपेला मातीत तालमीसारखे ताक-तेल घातले. चेंडू उसळेना. सगळी माती उपसून पुन्हा भरली, तीही मीच.

मी, जयसिंग भैरू खुटवड, वय ४८, अविवाहित, धंदा दुहेरी टेनिस, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. डोक्याला खोक पडली होती. डोके ठिकाणावर आहे. डॉ. नीरजा गोळे, सदाशिव पेठ, यांचा तसा दाखला सोबत आहे. पुढल्या महिन्यात सख्ख्या भावाविरुद्ध कोर्टात माझी साक्ष आहे. तोवर मी राहीन याची खात्री नाही, म्हणून ही घाई.

१) मला कोणी शिकवले नाही. एकेरीत माझे नाव शोधू नये. दुहेरीत मी आणि रहीम शमशुद्दीन तांबोळी अकरा वर्षे देशोदेशी पैशांसाठी खेळलो. समोरच्या जाळीवरल्या गड्याच्या बरगडीवर चेंडू हाणणे नियमात बसते. मी हाणला. एकाचे दोन दात पडले. रॅकेट उंचावून माफी मागितली, तीही नियमापुरती. आम्हा दोघांच्या मधून येणारा चेंडू रहीमने घ्यायचा, कारण त्याचा फोरहँड त्या बाजूला. यावर आमचे कधी भांडण झाले नाही.

२) एप्रिलमध्ये धाकटा भाऊ संपत तिघांना घेऊन आला. त्याने स्वतःची वाटणी बिल्डरला विकली होती. रस्त्याकडेची माझी हवी होती. ते जाळीचे खांब उपटू लागले. मी आडवा गेलो. संपतने पहार डोक्यात घातली. मी गुडघ्यांवर आलो. दुसरा घाव कानशिलावर येत होता, तेव्हा रहीम मध्ये शिरला. त्याच्या उजव्या कोपराचा चुरा झाला. हाड बाहेर दिसत असताना म्हणाला, "अहो, मधला माझाच ना?" आता त्या हाताने त्याला चहाचा कपही उचलवत नाही.

३) जमीन, कोर्ट व वरील सर्व वस्तू रहीमला. अट नाही. जोडीदाराला अटी घालत नसतात.

४) बँकेतील ठेव संपतची बायको विजयमाला हिच्या एकटीच्या नावे. तिने नवऱ्याचे नाव न काढता मला दवाखान्यात रोज डबा आणला.

५) संपतला पहार. सध्या पोलिसांकडे आहे. निकालानंतर मागून घ्यावी.

६) रहीमने आधी हात उचलला, अशी उलटी फिर्याद संपतने दिली आहे. ती धादांत खोटी. मी मेलो तर हीच माझी साक्ष समजावी.

पुणे, १८ जून २०११.
साक्षीदार: डॉ. नीरजा गोळे (सही). माधव केळकर, कर्वेनगर (सही). रहीमही सही करायला निघाला होता. ज्याला मिळायचे त्याने साक्षीदार व्हायचे नसते, हे त्याला दोनदा सांगावे लागले.

माझ्या सहीच्या वर जागा उरली आहे. मागून कोणी काही घुसडू नये म्हणून भरतो. परवा संपत दारात येऊन म्हणाला, "रहीमनं आधी मारलं, येवढंच बोलायचं हाय. दोन वाक्यं. तुझं काय जातंय?" मी दार लावले. त्याने आणलेली रक्कम रुपये चाळीस लाख फक्त.

(सही) जयसिंग भैरू खुटवड