डिस्कखाली राहिलेले सुतारकाम

प्रति,
मा. संचालक,
शब्दकोश कार्यालय.

मार्फत : संगणक प्रशासक (नियमानुसार)

विषय : माउंट केलेल्या डिस्कवर साध्या वापरकर्त्यास लिहिण्याची परवानगी मिळणे, तत्पूर्वी ती डिस्क पाच मिनिटे काढून खाली पाहणे.
संदर्भ : मला मिळालेले 'कामात हयगय' हे कारणे दाखवा पत्र.

महोदय,

१. मी कोशसहायक, टेबल क्रमांक चार. सुतारकामाचे शब्द नोंदवण्याचे काम माझ्याकडे होते. एक वृद्ध सुतारकाका रोज दुपारी माझ्या टेबलाशी येऊन बसत. ते सांगत, मी टाइप करी. तीन महिन्यांत २,३४० शब्द झाले. गेल्या महिन्यात काका वारले.

२. माझ्या फोल्डरमध्ये एकही नोंद नाही, सबब महिनाअखेर मला कमी करण्यात येईल, असे आपले पत्र म्हणते. नोंदी आहेत. कुठे आहेत, हे प्रशासकांना पक्के ठाऊक आहे.

३. आपल्या लिनक्स संगणकावर डिस्क एका फोल्डरवर माउंट करतात, म्हणजे चढवतात. ते तीन महिने डिस्क दुरुस्तीला गेली होती. मला लिहिता येईना, तेव्हा प्रशासकांनी त्या रिकाम्या फोल्डरलाच परवानगी दिली आणि "आता लिही बिनधास्त, ताई," म्हणाले. मी लिहीत गेले. डिस्क परत आली आणि त्याच फोल्डरवर चढली. भरल्या पेटीवर दुसरी पेटी ठेवावी तसे माझे काम खाली दडले आहे, पुसलेले नाही. वरच्या डिस्कवर लिहिण्याचा हक्क मात्र एकट्या प्रशासकांना आहे.

४. डिस्क काढण्याचा अर्ज संगणकावरच भरावा लागतो व तो त्याच डिस्कवर जतन होतो. तिथे मला लिहिता येत नाही, म्हणून हा कागद. तोंडी विनंती चार वेळा केली. पहिल्यांदा "उद्या बघतो, ताई" असे उत्तर मिळाले. आता मी 'मॅडम' झाले आहे.

५. प्रशासकांनी आपल्याकडे पाठवलेल्या माझ्याविषयीच्या अहवालाला माझा दोन वर्षांपूर्वीचा खुलासा जोडला आहे : 'नोंदी माझ्या हातून पुसल्या गेल्या.' सही माझीच आहे. पुसल्या त्यांनी होत्या. ते पदावर तेव्हा नवे होते. "एवढ्या वेळी सांभाळून घे," म्हणाले, मजकूरही त्यांनीच लिहून दिला. अकरा वर्षे आम्ही शेजारी बसलो, एका डब्यात जेवलो. संगणक सुरू कसा करायचा हे त्यांना मी शिकवले. याला कार्यालयीन भाषेत काय म्हणतात ते माहीत नाही. आमच्या घरी केसाने गळा कापणे म्हणतात. मला फार लागले आहे.

६. तरी डिस्क काढून खालच्या नोंदी बाहेर घ्याव्यात, आणि यापुढे परवानगी डिस्क चढवल्यावर द्यावी, आधी नव्हे. माझी नोकरी राहो न राहो, काकांचे शब्द छापले जावेत. ते पुन्हा विचारायला आता कोणी नाही.

७. हा अर्ज नियमाप्रमाणे प्रशासकांच्याच टेबलावरून पुढे जाणार आहे. मी त्याची दुसरी प्रत केलेली नाही. तो आपल्या हाती पडलाच, तर त्यांच्यात माझा भाऊ अजून शिल्लक आहे असे समजावे, आणि त्यांच्यावर कारवाई करू नये.

उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
कोशसहायक, टेबल क्र. ४
दिनांक : २३, महिनाअखेरीस सात दिवस बाकी

सोबत : दोन वर्षांपूर्वीच्या खुलाशाचा कच्चा मसुदा, प्रशासकांच्या हस्ताक्षरात. मूळ कागद, एकच.