एका गोलाचा फरक

प्रिय ठके,

तुझे तीन निरोप मिळाले. एकालाही उत्तर दिलं नाही. तू रागावली असशील, आणि रागावली नसशील तर काळजी करत असशील, ते जास्त वाईट. मी बरा आहे. जेवतो, झोपतो, कामावर जातो. लिफ्टच्या कामावरून मला आता सामानाच्या खोलीत बसवलंय. मीच मागून घेतलं. खिडकीपाशी बसायचं, कुणी मिस्त्री आला की त्याला हवं ते बेअरिंग, हवी ती तार काढून द्यायची. काम सोपं आहे. संध्याकाळी हात स्वच्छ असतात, त्याची अजून सवय झालेली नाही.

रविवारी मॅचला गेलो होतो, सात महिन्यांत पहिल्यांदा. आपला निळा संघ एका गोलाने जिंकला. शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघाच्या, बंदरवाल्यांच्याच बचावपटूच्या गुडघ्याला लागून चेंडू आत गेला. माझ्या शेजारी, चिऊच्या बाबाच्या जागेवर, एक जाडजूड गृहस्थ बसले होते. त्यांनी मला चक्क मिठी मारली. सगळे उभे राहिले म्हणून मीही उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या. आत काही हललं नाही. दात काढण्याआधी सुई टोचतात आणि मग आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसं काहीतरी. मागच्या रांगेत दोघांची लगेच जुंपली. एक म्हणे निव्वळ नशीब, दुसरा म्हणे नेमक्या जागी चेंडू मारला हेच कसब. मी वळून पाहिलं नाही. उठलो आणि घरी आलो.

आमची ओळखच अशा भांडणातून झाली, हे तुला शंभरदा सांगून झालंय. तेव्हा तो शिलाईची यंत्रं दुरुस्त करायचा. मैदानात मी त्याच्या पुढच्या रांगेत होतो आणि पेनल्टी अडवणाऱ्या आपल्या गोलरक्षकाचं कौतुक करत होतो. हा मागून म्हणाला, अहो, त्याने डोळे मिटून उडी मारली, चेंडू बिचारा त्याच्याकडे आला. मी म्हटलं, मग तुम्ही मारा की डोळे मिटून उडी! मैदान रिकामं झालं, दिवे विझवायला माणूस आला, तरी आमचं चालूच. पुढे मीच त्याला कंपनीत लावलं. एकोणीस वर्षं आम्ही जोडीने काम केलं, एक वर यंत्रघरात, एक खाली लिफ्टच्या खड्ड्यात. कामावरच्या लोकांनी आम्हाला छापा आणि काटा अशी नावं पाडली. तो छापा, कारण त्याच्या मते जगात जे काही निसटतं घडतं ते नाणं उडवल्यासारखंच. मी काटा, कारण मला ते कधीच पटलं नाही.

त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं, हे आता कबूल करतो. तीन-चार गोलांनी जिंकलात तर तुम्ही भारी, त्यात वाद नाही, असं तो म्हणायचा. पण एका गोलाने जिंकलात तर वारा, घसरट गवत, पंचाची डुलकी, कुणाचा तरी गुडघा, यातलं काहीही तुमच्या बाजूने पडलेलं असू शकतं. ज्या वर्षी आपण अकरा मॅचेस एकेका गोलाने जिंकलो, त्या वर्षी गावभर चर्चा होती की पोरांचं काळीज वाघाचं आहे. हा एकटा म्हणत होता, पुढच्या वर्षी बघा. पुढच्या वर्षी तीच पोरं, तोच प्रशिक्षक, आणि नऊ मॅचेस एकेका गोलाने हरलो. महिनाभर तो माझ्याकडे बघून नुसता भुवया उडवायचा. मी म्हणायचो, गोलरक्षक म्हातारा झाला. तो म्हणायचा, एका वर्षात? त्याचं लग्न लागलं की काय?

माझं म्हणणं एवढंच होतं की शेवटच्या मिनिटाला कुणाचं तरी लक्ष असतं आणि कुणाचं तरी नसतं. त्याला नशीब म्हणणं म्हणजे चुकणाऱ्याला पाठीशी घालणं.

एकदा तू आमच्या कटकटीला इतकी वैतागलीस की स्वयंपाकघरात कचऱ्याचा डबा मधोमध ठेवलास आणि कागदाचे बोळे करून दिलेस. प्रत्येकी दहा. त्याचे सहा पडले, माझे सहा, आणि पाठमोरी उभी राहून फेकलेले तुझे सात. हे काय म्हणायचं, असं तू विचारलंस तेव्हा आम्ही दोघं एका तोंडाने म्हणालो, नशीब! एकोणीस वर्षांत आमचं एकमत झालं ते तेवढंच. चिऊ तेव्हा जेमतेम चालत होती. तिने सगळे बोळे परत गोळा करून बापाच्या खिशात कोंबले.

आणि तुला मागणी त्याने हरलेल्या मॅचच्या दिवशी घातली, हे तुला माहीत आहे. पण का, ते त्याने फक्त मला सांगितलं होतं. म्हणाला, आज आधीच तोंड पडलंय, ठकी नाही म्हणाली तर वेगळं कळायचं नाही. तू हो म्हणालीस तेव्हा तो धावत माझ्याकडे आला आणि दारातच म्हणाला, काट्या, हे मात्र कसब हं.

तो गेला त्या दिवशी घरात जो आला तो एकच शब्द बोलत होता. शेजारच्या शिक्षिकाबाई, आपला मामा, कंपनीचे साहेब. नशीब. त्याची वेळ आली होती. कुणाच्या हातात असतं का? मी कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांना मान डोलावत होतो. जन्मभर ज्या शब्दावर मी त्याच्याशी भांडलो, तो शब्द मला त्या दिवशी कुणीतरी पाण्याचा पेला पुढे करावा तसा वाटला. सात महिने मी तोच धरून बसलोय. मनातल्या मनात त्याच्या बाजूने वाद घालतो. लिफ्ट चौथ्या मजल्यावर होती, तिच्यात एक टंकलेखिका शिरली. तिने तळमजल्याचं बटण दाबलं म्हणून लिफ्ट खाली आली. तिला सातव्या मजल्यावर जायचं असतं तर लिफ्ट वर गेली असती, आणि संध्याकाळी तो मला शिव्या देत चहा प्यायला असता. आहे की नाही नशीब? त्याने ऐकलं असतं तर म्हणाला असता, काट्या, आलास ना वळणावर.

मागच्या महिन्यात तू सांगितलंस की चिऊने बापाचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. चौकशीचा अहवाल तिने वाचला. सोळा वर्षांची पोर, शब्दन् शब्द समजला तिला. 'मृत कामगार सहकाऱ्यास न कळवता खड्ड्यात उतरला.' बाबांना साधं सांगून उतरता आलं नाही का, आमचा एकदा तरी विचार केला का, असं ती तुला ओरडून विचारत होती. तू मला विचारलंस, दादा, तो इतका निष्काळजी होता का रे? मी फोनवर म्हणालो, सोड आता. तुझे पुढचे तीनही निरोप त्याच प्रश्नाचे आहेत, मला कळतं.

म्हणून लिहितोय, ठके. समोर बसून माझ्याच्याने हे बोलवलं नसतं. त्या दिवशी सकाळी मी वर यंत्रघरात होतो, तो तळाच्या खड्ड्यात. मुख्य स्विच बंद करून मी त्याला कुलूप लावलं होतं, नियमाप्रमाणे. दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही, पण चाचणीसाठी तो बंदोबस्त आम्हीच सोडवून ठेवला होता. म्हणजे त्याच्या डोक्यावर जे काही होतं ते माझं कुलूप. अकराच्या सुमारास तो वायरलेसवर म्हणाला, बाहेर आलो. मी कुलूप काढलं. आमचं आदल्या दिवशीच्या पेनल्टीवरून चाललं होतं आणि त्याने मला अगदी कोंडीत पकडलं होतं. बोलता बोलताच तो म्हणाला, थांब, पाना खाली राहिला, परत उतरतोय. मी हं म्हणालो. त्याला काय उत्तर द्यायचं तेच मी जुळवत होतो. उत्तर सापडलं, ते मी त्याला मोठ्याने ऐकवलं आणि स्विच चालू केला. चौकशीच्या साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला, त्याने तुम्हाला कळवलं होतं का? मी नाही म्हणालो. सोमवारी दहा वाजता त्यांच्या कार्यालयात जाऊन खरं काय ते लेखी देणार आहे. पुढे जे होईल ते होईल, त्याची भीतीही वाटत नाही, काहीच वाटत नाही. पण ते कागदावर येण्याआधी तुला कळायला हवं, आणि चिऊला तुझ्या तोंडून. तुझा नवरा निष्काळजी नव्हता. त्याने सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.

तुझाच,
दादा